परवीनचा डबल बास

पणदऱ्यात मुजफ्फर मुलाणीच्या गोठ्यात दोन म्हशी, एक रेडकू आणि एक डबल बास आहे. डबल बास म्हणजे व्हायोलिनच्या घराण्यातलं सगळ्यात थोरलं वाद्य. माणसाहून उंच, चार जाड तारांचं, उभं राहून कवेत घेऊन वाजवायचं. आवाज इतका खालचा की कानाआधी तो छातीत कळतो. घरी नवा पाहुणा आला की हमखास विचारतो, "हे काय हाय?" मुजफ्फरची आई शहाजादी सांगते, "बास." पाहुणा गप्प होतो. त्याला वाटतं, म्हातारीनं पुरे म्हटलं.

वाजवते ती शहाजादीची सून, परवीन. वय सत्तेचाळीस. बारामती एमआयडीसीतल्या एका डेअरीच्या प्रयोगशाळेत ती दुधातली फॅट मोजते. तिनं बांधलेल्या आठ रचना आज पुण्यात, मुंबईत, बंगळुरात जॅझ वाजवणारी मंडळी वाजवतात, आणि बास वाजवणाऱ्या तरण्या पोरांच्या तोंडी "पणदरे पद्धत" असा शब्द आहे. हे सगळं कसं झालं ते सांगण्यासारखं आहे.

परवीनचं माहेर लासुर्ण्याचं. तिचे वडील बादशाह जवळच्या कारखान्यात लाकडी साचे करायचे. हात असा की लोखंडाचा कुठलाही भाग आधी सागवानात कोरून दाखवावा. कारखान्याच्या वसाहतीत साहेब लोकांचा एक क्लब होता आणि एके काळी त्या क्लबाचा स्वतःचा बँड होता. बँड मोडला, माणसं पांगली, वाद्यं अडगळीत पडली. नव्वद साली क्लबाची साफसफाई निघाली तेव्हा मान मोडलेला डबल बास जळणाच्या ढिगावर चालला होता. बादशाहनं तो मागून घेतला आणि बैलगाडीत घालून घरी आणला. वाटेत तिघांनी विचारलं, कुणाचं कपाट. चौथ्यानं मयत समजून न विचारताच टोपी काढली.

दोन महिने बादशाह त्या मोडक्या मानेशी खपला. बारा वर्षांची परवीन भुसा झाडायला बसायची. मान बसली, जुन्याच तारा चढल्या, पण सूर कुठं लावायचा हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. मग बादशाहनं मिनेझिस मास्तरांना बोलावलं. मिनेझिस मूळचे गोव्याचे. कारखान्याच्या स्टोअरमध्ये तीस वर्षं नोकरी केलेले आणि क्लबाच्या बँडात हाच बास वाजवलेले. ते आले, वाद्याभोवती एक फेरी मारली, मानेवरून हात फिरवला आणि म्हणाले, "बादशाहभाई, याची तब्येत तुम्ही माझ्यापेक्षा बरी केलीत. आता वाजवणार कोण?"

बादशाहचे दोन्ही मुलगे बाहेर क्रिकेट खेळत होते. परवीन म्हणाली, "मी."

"तुझा हात तरी पुरतो का वरपर्यंत?"

तिनं धान्याचा डबा आणला, त्यावर उभी राहिली आणि हात वर करून दाखवला.

पुढची पाच वर्षं दर सुट्टीला ती मास्तरांच्या घरी सायकलवरून जायची. मास्तर तिला अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या जॅझ संगीताच्या तबकड्या ऐकवायचे. त्यात एक जण सूर घेऊन उधळायचा, दुसरा त्याला अडवायचा, तिसरा दोघांची थट्टा करायचा आणि खाली कुणीतरी एकसारखी पावलं टाकत चाललेला असायचा. "तो खालचा माणूस ऐक," मास्तर सांगायचे. "बासवाला. लोकांना वाटतं तो काही करत नाही. त्याला जरा बाजूला काढ, सगळे रस्ता चुकतील." तिला ते पटायचं. घरात तिची आईही तशीच होती.

परवीन सतरा वर्षांची झाली तेव्हा मास्तर मुलीकडे गोव्याला गेले. जाताना त्यांनी तिला चाळीस कॅसेटी दिल्या आणि एकच गोष्ट सांगितली. "दुसऱ्याचं वाजवून हात तयार होतो. पण एक दिवस तुला तुझं बांधावं लागेल. घाई करू नको." सात वर्षांनी ते वारल्याचं पत्र आलं. तोवर परवीननं स्वतःचं काही बांधलेलं नव्हतं, आणि ते पत्र वाचताना तिला सगळ्यात जास्त लागलं ते हेच.

तिचं शिक्षण मात्र झालं. दुग्धशास्त्राची पदविका घेतली, एमआयडीसीत नोकरी लागली. मग स्थळं यायला लागली. चहापोहे झाले की परवीन सरळ सांगायची, "माझी एक अट हाय. माझ्यासंगं माझा बास येणार." दोन स्थळं तिथंच उठली. तिसरा आला मुजफ्फर. पणदऱ्यात त्याचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी उघडायच्या, आतली तांब्याची तार काढून नवी गुंडाळायची, हा धंदा. त्यानं बास बघितला, खालून वर नजर नेली आणि विचारलं, "किती फूट हाय?"

"सहाच्या वर."

"मग आमच्या दारातनं आडवा घालावा लागंल," मुजफ्फर म्हणाला. होकार म्हणून तो एवढंच बोलला.

घर दोन खोल्यांचं. बास बाहेरच्या खोलीत ठेवला तर पाहुण्यांना बसायला जागा उरेना, आतल्या खोलीत ठेवला तर झोपायला. शहाजादी म्हणाली, "गोठ्यात ठिव. पत्रा नवा हाय, गळत न्हाय." परवीनला ते टोचलं. आपलं वाद्य जनावरांत. पण दुसरी सोय नव्हती. कामावरून आल्यावर, धारेच्या आधी, ती गोठ्यात उभी राहून वाजवू लागली. आठवड्याभरात शहाजादीच्या ध्यानात आलं की लाथा झाडणारी मोठी म्हैस या आवाजाला कान पाडून उभी राहते. मग सासूच हाक मारायला लागली, "आगं परवीन, धारंची येळ झाली. घे तुझा बास."

२००४ साली एक तार तुटली. पुण्यात चार दुकानांत विचारलं. गिटारच्या होत्या, सतारीच्या होत्या, डबल बासच्या तारा कुणाकडे नव्हत्या. एक दुकानदार म्हणाला, परदेशातून मागवाव्या लागतील, कधी येतील ते सांगता येत नाही. परवीन तुटलेली तार पिशवीत घालून परत आली. मुजफ्फरनं ती हातात घेतली, उजेडात धरली, नखानं खरवडली. आत पोलादाची तार आणि तिच्यावर दुसरी बारीक तार गच्च गुंडाळलेली.

"हे तर वाइंडिंग हाय," तो म्हणाला.

"मग?"

"मग मी जलमभर काय करतोय?"

बोलला तेवढं ते सोपं नव्हतं. पहिली तार लावताच सुटली. दुसरी नुसती खुळखुळली. तिसरी चांगली वाटली, पण दोन दिवसांत सैल पडली. मुजफ्फर दुकानातलं काम उरकून बसायचा, एका टोकाला मशीन, दुसऱ्या टोकाला दातात धरलेला चिमटा. ताण किती ठेवायचा हे त्याला समजेना, कारण त्याला सूर समजत नव्हता. मग परवीन शेजारी बसू लागली. तो ओढायचा, ती तार छेडून ऐकायची आणि सांगायची, "आणिक. आणिक. हितं थांबा." सातवी तार बसली. तांब्याची असल्यामुळं तिचा आवाज विकतच्या तारेसारखा कडक नव्हता. तो मऊ होता, जरा अंधारा, आणि खूप वेळ रेंगाळायचा. परवीननं तो ऐकला आणि उरलेल्या तीन चांगल्या ताराही काढून टाकल्या. "समद्या तुमच्याच करा," ती म्हणाली. मुजफ्फर तोंड वळवून चिमटा शोधायला लागला. चिमटा त्याच्या हातातच होता.

त्याच सुमारास सर्जेराव तात्या गोठ्याच्या दारात येऊन उभे राहिले. गावच्या भजनी मंडळात ते पेटी वाजवायचे. डेअरीवर दूध घालून परतताना रोज त्यांना हा आवाज ऐकू यायचा.

"सूनबाई, हे आमच्याबरं वाजंल का?"

"तात्या, मला तुमची भजनं येत न्हाईत."

"आमाला कुठं तुझं येतं," तात्या म्हणाले. "तू खाली ऱ्हा. आमी वर बघतो."

एकादशीला मुजफ्फरनं बास टेम्पोत घालून मारुतीच्या पारावर नेला. परवीन मागं उभी राहिली आणि पखवाजाच्या चालीनं एक एक सूर टाकत गेली. पहिल्या दोन भजनांना गाणारे बिचकले. तिसऱ्याला सगळ्यांचे आवाज आपोआप मोकळे झाले. तेव्हापासून ती मंडळात धरली गेली. पण तात्यांकडून तिलाही मिळालं. मास्तरांच्या तबकड्यांत चाराची पावलं होती, इथं तिला साताची सापडली, चौदाची सापडली. एकच ओळ वीस वेळा म्हणायची आणि दर वेळी ती नवी करायची, हे जॅझवाले करतात तेच पारावरची माणसं करत होती. फक्त कुणी त्याला नाव दिलं नव्हतं. आपलं काहीतरी बांधावं असं तिला पहिल्यांदा तिथं वाटलं. वहीत ती ओळी लिहायला लागली, खोडायला लागली.

२००९ च्या उन्हाळ्यात कडबाकुट्टीच्या यंत्रात तिचा डावा हात सापडला.

लाइट गेली होती म्हणून तिनं अडकलेला कडबा ओढायला हात घातला, आणि लाइट आली. मुजफ्फरनं मोटारीचा खटका पाडला, हाताला लुगडं गुंडाळलं आणि तिला बारामतीला नेलं. डॉक्टरांनी हात वाचवला. अनामिकेची दोन पेरं गेली आणि करंगळी सरळच राहिली, ती वाकेना. डाव्या हाताच्या बोटांनीच बासवर सूर दाबायचे असतात.

आठ महिने तिनं बासला हात लावला नाही. नोकरीवर जात होती, घरचं करत होती, बोलतही होती. पण गोठ्यात गेली की भिंतीकडे पाठ करून धार काढायची. मुजफ्फरनं बासवर गोधडी टाकली. तिसऱ्या महिन्यात त्यानं चार नव्या तारा करून ठेवल्या आणि कुणाला सांगितलं नाही.

शेवटी तोंड उघडलं ते शहाजादीनं. एका संध्याकाळी ती गोठ्यात आली, बासवरची गोधडी ओढून काढली आणि झटकून खांद्यावर टाकली.

"अम्मी, ऱ्हाऊ द्या."

"माझी गोधडी हाय. थंडी पडली." मग जरा थांबून म्हणाली, "मला दिसायला कमी झालं तवा मी भाकरी करायची सोडली का? अंदाजानं थापती. जरा वाकडी हुती. तुमी खाताच की."

दुसऱ्या दिवशी परवीननं बास उभा केला. दोन बोटं आणि अंगठा, एवढ्यावर जे येईल ते. येत फार थोडं होतं. एका सुरावरून दुसऱ्यावर जायला पूर्वी बोट तयार असायचं, आता अख्खा हात सरकवावा लागायचा आणि तोवर ताल पुढं निघून जायचा. दोन सूर लागायचे, तिसरा हुकायचा. तिनं तसंच चालवलं. महिनाभरानं ती पारावर गेली. भजन संपल्यावर तात्या जवळ आले.

"मधी मधी थांबत हुतीस."

"थांबले न्हाय तात्या. पोचता आलं न्हाय."

"मग पोचू नगंस," तात्या म्हणाले. "तू सोडलंस तितं आमच्या पखवाजाला श्वास घ्यायला मिळाला. आज तो पहिल्यांदा नीट ऐकू आला."

घरी येईपर्यंत ते वाक्य तिच्या डोक्यात फिरत राहिलं. जिथं पोचता येत नाही ती जागा चुकीची न धरता तीच रचनेत धरली तर? तिनं जुनी वही काढली आणि सगळ्या ओळींवरून हात फिरवला. जे सूर आता तिच्या हाताला मिळत नव्हते, तिथं नुसती टिंबं दिली. मग त्या टिंबांच्या बाजूनं नव्यानं बांधायला घेतलं. पहिली रचना पुरी व्हायला दीड वर्ष लागलं. सात मात्रांची, आणि सातवी मात्रा कायम रिकामी. तिचं नाव "दुसरी पाळी", कारण ती बहुतेक दुपारच्या पाळीला कामावर जाताना स्कूटीवर सुचली होती. पुढं "धार" आली, कालव्याच्या पाटाचं नाव दिलेली "चारी नंबर सतरा" आली. आठ वर्षांत पाच रचना झाल्या. ऐकायला दोन म्हशी, सासू, नवरा आणि तात्या.

प्रयोगशाळेत राजलक्ष्मी नावाची नवी मुलगी लागली होती. ती एकदा घरी आली, गोठ्यात "दुसरी पाळी" ऐकली आणि मोबाइलवर घेतली. परवीनला विचारून तिनं ती इंटरनेटवर टाकली. मागं रेडकू ओरडतंय, पुढं बास चाललाय. चार दिवसांनी नागेशचा फोन आला. नागेश इंदापूरचा, पुण्यात पियानो वाजवायचा आणि जॅझची स्वतःची मंडळी चालवायचा. पुढच्याच रविवारी तो पणदऱ्यात हजर.

"परवीनताई, ती सातवी मात्रा तुम्ही सोडता ती कुठल्या रेकॉर्डवरून घेतली?"

तिनं हात पुढं केला. नागेशनं तो निरखून बघितला.

"मी दोन वर्षं आमच्या बासवाल्याला सांगतोय, कमी वाजव," तो म्हणाला. "त्याला काय म्हणायचं ते मलाच कळत नव्हतं. पुण्याला याल?"

"सुट्टी बघावी लागंल," परवीन म्हणाली.

२०१८ च्या जानेवारीत ती पुण्याच्या एका छोट्या सभागृहात उभी राहिली. शंभर-सव्वाशे माणसं. पहिली रचना सुरू झाली आणि सातव्या मात्रेला ती थांबली तेव्हा कुणीतरी खोकलं. दुसऱ्या आवर्तनाला कुणी खोकलं नाही. तिसऱ्याला अख्खं सभागृह त्या रिकाम्या जागेची वाट बघत होतं, आणि तिला ते पायांखालच्या फळ्यांतून कळत होतं. नागेशनं पियानोवरचे हात उचलून मांडीवर ठेवले आणि तिला एकटीला जाऊ दिलं. ती वाजवत गेली. पहिल्या रांगेत मुजफ्फर तारांकडे बघत बसला होता. एखादी सैल पडली तर, म्हणून खिशात चिमटा आणला होता. तो वापरायची वेळ आली नाही.

पुढच्या वर्षी सगळ्या रचनांचं ध्वनिमुद्रण झालं. मग पोरं यायला लागली. कुणी शिकायला, कुणी नुसतं बघायला, कुणी तांब्याच्या तारा मागायला. मुजफ्फरच्या दुकानात आता मोटारींच्या शेजारी डबल बासच्या तारांची वेटोळी टांगलेली असतात, आणि ऑर्डर असली की शेतकऱ्याला तो सांगतो, "दादा, मोटार उद्या. आज बंगळूरची तार हाय." शेतकरी कुरकुरतो आणि बसतो.

बंगळूरचाच एक तरुण बासवाला, युवराज, एकदा चार दिवस राहायला आला होता. चांगला तयार हात. त्यानं "धार" वाजवून दाखवली ती डाव्या हाताची दोन बोटं मुद्दाम दुमडून. परवीननं ऐकून घेतलं.

"ती बोटं का दुमडलीस?"

"ताई, पणदरे पद्धत."

"तुझी बोटं शाबूत हायत. वापर की," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण युवराज उभ्या जागी ओशाळला. "मला जे मिळत न्हाय ते मी सोडते. तू काय सोडायचं ते तुझं तुला बघावं लागंल. मी सोडते तेच सोडून काय उपेग?"

मग तिनं त्याला चारही बोटांनी वाजवायला लावलं आणि प्रत्येक ओळीला विचारत गेली, यातला कुठला सूर नसला तरी चालेल. पहिल्या दिवशी तो म्हणाला, सगळेच लागतात. चौथ्या दिवशी त्यानं तीन काढून टाकले. ते तीन वेगळेच होते, परवीननं कधी सोडले नसते असे. ती खूश झाली आणि त्या दिवशी तिनं स्वतः त्याच्यासाठी पुरणपोळी केली.

गेल्या फेब्रुवारीत इंदापुरात नागेशनं कार्यक्रम ठेवला. शहाजादीला गाडीत बसवून नेलं. सर्जेराव तात्या आता ऐंशीच्या पुढं, तरी पेटी घेऊन व्यासपीठावर बसले, आणि नागेशच्या पियानोशी त्यांची अशी काही जुगलबंदी झाली की दोघांनाही थांबायचं कुठं ते समजेना. परवीननं खालून एक सूर लांब धरून दोघांना उतरवून घेतलं. लोक हसले, मग उभे राहिले.

सध्या ती नववी रचना बांधतेय. ही तीन बासांसाठी आहे. एक ती, एक युवराज आणि एक दौंडची सोनल नावाची मुलगी, जी गेल्या वर्षापासून दर शनिवारी एस.टी.नं शिकायला येते. पहिले दोन भाग झालेत. तिसऱ्यात तिघांपैकी कुणी थांबायचं यावरून गोठ्यात दर शनिवारी वाद होतात. सोनल म्हणते, ताई, तुम्ही थांबा. परवीन म्हणते, मी आयुष्यभर थांबले, आता तू थांब. मागच्या शनिवारी पोरीनं ऐकलं नाही, सरळ वाजवत राहिली, आणि परवीननं वहीत काहीतरी खोडून नवं लिहिलं.

"काय लिहिलं?" सोनलनं विचारलं.

"तुझं बरोबर हाय. थांबायचं मीच," परवीन म्हणाली. "पहिल्यापासनं घे."